साडेसहाशे कोयनांचा पूर आणि एक मालगाडी

अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या काठाने जाणारी धान्याची एखादी मालगाडी घ्या. ११० वाघिणी. भरलेली एक वाघीण साधारण १३० टनांची. म्हणजे नुसत्या वाघिणींचं वजन झालं चौदा हजार टनांच्या पुढे, आणि गाडीची लांबी दोन किलोमीटरच्या आसपास. आता अंदाज करा, हे धूड हलवायला किती इंजिनं लागत असतील? आणि चालवायला किती माणसं?

इंजिनं तीन किंवा चार. माणसं दोन.

हे गणित मला सांगितलं भाच्याने. वय वर्षं चौदा, पोर्टलंडजवळ वाढलेला, मालगाड्यांनी पुरता झपाटलेला. त्याच्या या नादापायी ताईने सुट्टीतला बेतच असा आखला होता की दिवसभर नदीकाठी गाड्यांची वाट बघायची. कॅमेरे, दुर्बीण, इंजिनांचे नंबर टिपायची वही, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घडीच्या खुर्चीत आई. इथे जगभरातून माणसं येतात ती धबधबे बघायला. आम्ही १८९ मीटर उंचीच्या मल्टनोमा धबधब्याकडे चक्क पाठ करून उभे होतो, कारण त्याच्या समोरूनच युनियन पॅसिफिकचे रूळ जातात.

तर ते तीन-चार इंजिनांचं कोडं. त्याचं अर्धं उत्तर चाकाखाली दडलेलं आहे. पोलादाचं चाक पोलादाच्या रुळावर टेकतं ती जागा किती मोठी असते? एका नाण्याएवढी! टणक चाक, टणक रूळ, दोन्ही जवळजवळ दबतच नाहीत. ट्रकचं रबरी टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात दबतं, फुगतं, तापतं, आणि त्या दबण्या-फुगण्यात डिझेल जळतं. सपाट रुळावर एक टन वजन चालतं ठेवायला दोन किलो वजनाइतकाही जोर लागत नाही. ट्रकला याच्या कितीतरी पट लागतो. चौदा हजार टनांच्या गाडीचा हिशेब केला तर सपाटीवर फार तर अठ्ठावीस टनांचा जोर पुरतो, आणि आजचं एक दणकट इंजिन सुरुवातीच्या ओढीला ऐंशी टनांच्या आसपास जोर लावतं. बाकीची इंजिनं लागतात ती गाडी थांबलेली असेल तर हलवायला आणि वेग धरायला.

पण 'सपाट' हा शब्द मी उगाच नाही वापरला. सगळी गंमत त्याच्यावर उभी आहे. शंभर मीटरला एक मीटर असा चढ तुमच्या-माझ्या पायांना कळणारही नाही. गाडीला मात्र टनामागे आणखी दहा किलोंचा जोर लागतो. दोन किलोंचे एकदम बारा! मोटार चढावर कुरकुरते आणि निघून जाते. मालगाडीची ताकद चढावर पाच-सहा पटींनी खच्ची होते. जगातल्या प्रत्येक रेल्वेमार्गाचा इतिहास हा मुळात चढ टाळण्याच्या खटपटीचा इतिहास आहे असं मी म्हणेन, आणि ही फारशी अतिशयोक्ती नाही.

आपला भोर घाट आठवा. कर्जतकडून वर येताना सगळ्यात कठीण ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढ. १८५६मध्ये काम सुरू झालं, १८६३मध्ये गाडी धावली. मध्ये एका टप्प्यावर ४२,००० मजूर राबत होते. एवढं करून रस्ता किती? २५ किलोमीटर. चढाई? साडेपाचशे मीटरच्या वर. एका ठिकाणी तर वळवायलाही जागा नव्हती. तिथे गाडी पुढे नेऊन थांबवायची आणि मग उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा, असा प्रकार साठेक वर्षं चालला. आजही वर जाणाऱ्या मालगाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. आपली ही अमेरिकन गाडी त्या चढावर आणली तर अठ्ठावीस टनांच्या जागी चारशे टनांचा जोर लागेल. सगळी इंजिनं पुढे जोडून तेवढं ओढायचं म्हटलं तर कपलिंगच तुटायचं.

आता कोलंबियाकडे बघा. पॅस्को गावापासून व्हँकूव्हरपर्यंत (हे कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टन राज्यातलं) सुमारे साडेतीनशे किलोमीटर. एवढ्या अंतरात नदीकाठचा मार्ग उतरतो किती? जेमतेम शंभर मीटर. आणि हे मैदानात नाही बरं! वाटेत कॅस्केड नावाची अख्खी पर्वतरांग आडवी उभी आहे. ओरेगनच्या बाजूला माउंट हूड ३,४०० मीटरच्या वर गेलेला, बर्फाचा. आणि त्या रांगेच्या आरपार, नदीच्या घळईतून, जवळजवळ समुद्राच्याच पातळीवरून, मालगाडी निवांत चालली आहे.

आईला रेल्वेतलं काही कळत नाही असा आमचा सगळ्यांचा समज. दुपारी तिने दुर्बीण खाली ठेवली आणि विचारलं, "अरे, ह्या धान्याच्या गाड्या सकाळपासून सगळ्या समुद्राकडेच चालल्यात. परत कुठून जातात?"

भाचा इतका खूश झाला की काही विचारू नका. "आजी, तू पहिली आहेस हे विचारणारी!"

उत्तर असं. नदीच्या उत्तर काठाची लाइन बीएनएसएफ कंपनीची. बराचसा भाग एकेरी, मधे मधे गाड्या बाजूला घ्यायला जागा. तिथे दोन किलोमीटरच्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला ताटकळावं लागतं. म्हणून भरलेल्या जड गाड्या कंपनी घळईतून समुद्राकडे सोडते आणि रिकाम्या झालेल्या बऱ्याच गाड्या उत्तरेकडे नेऊन स्टॅम्पीड खिंडीतून, डोंगर चढवून परत पाठवते. रिकामी वाघीण भरलेलीच्या पाव वजनाचीसुद्धा नसते, तिला चढ परवडतो. त्याहून नवल म्हणजे, सिअॅटलच्या बाजूला जाणारा जड मालही स्पोकेनहून जवळच्या डोंगरी वाटेने न जाता इकडून येतो. आधी दक्षिणेला घळईपर्यंत उतरायचं, पर्वत ओलांडायचा, मग पुन्हा उत्तरेकडे वळायचं. शेकडो किलोमीटरचा वळसा, केवळ चढ नको म्हणून! नकाशावर जी वाट लांबची, ती मालगाडीला जवळची.

हे जेम्स जे. हिल या रेल्वेसम्राटाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. त्याची ग्रेट नॉर्दर्न रेल्वे १८९३मध्ये कॅस्केड रांग ओलांडून समुद्राला भिडली होती, पण ती डोंगर चढून. नदीचा दक्षिण काठ १८८०च्या दशकातच दुसऱ्यांनी बळकावलेला. तेव्हा हिलने उत्तर काठाला हात घातला, आणि १९०८मध्ये हा मार्ग पुरा झाला. कड्यांमधून बोगदे पाडले, पैसा ओतला, पण चढ येऊ दिला नाही. आज समोर दिसतो तो त्याचाच मार्ग.

पण हिलने फक्त रूळ टाकले. पर्वतातून रस्ता कुणी काढला?

नदीने, हे उघड आहे. पण नदी डोंगर चढून पलीकडे कशी गेली? गेलीच नाही. ती आधीपासून तिथेच होती. डोंगर नंतर वर आला. कॅस्केड रांग लाखो वर्षं सावकाश उचलली जात होती आणि नदी आपली जागा न सोडता तेवढ्याच चिकाटीने तिला कापत होती. सह्याद्रीत नेमकं हेच झालं नाही. गोदावरी, भीमा, कृष्णा सगळ्या घाटमाथ्यावर जन्मतात आणि अरबी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला चालू लागतात. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत एकही नदी सह्याद्रीला आरपार छेदत नाही. म्हणून कसारा, म्हणून भोर घाट, म्हणून बँकर. उत्तरेला तापी मात्र पश्चिमवाहिनी, आणि सुरतहून जळगावला जाणारा रेल्वेमार्ग बघा, तो तापीच्या खोऱ्याने घाट न चढता खानदेशात शिरतो.

रोवीना नावाच्या उंच टेकाडावरून पलीकडचा काठ बघताना मला सारखं वाटत होतं, हे आपण कुठेतरी पाहिलंय. काळा दगड, थरावर थर, मधे गवताच्या आडव्या पट्ट्या. कुठे कुठे उभे खांबच खांब, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे. आणि ते वाटणं अगदी बरोबर होतं. दोन्हीकडचा दगड एकाच जातीचा, बेसाल्ट. जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा उसळला आणि थर साचत गेले, तसाच इथेही. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला बहुतांश दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. इथल्या काही लाव्ह्याने तर नदीच्या जुन्या पात्रातून वाहत थेट पॅसिफिक महासागर गाठला. म्हणजे दगड तोच, थर तेच, फक्त एकीकडे आरपार नदी आहे आणि दुसरीकडे नाही. तेवढ्या एका फरकाने एकीकडे चौदा हजार टन सहज सरकतात आणि दुसरीकडे पाचव्या हिश्शालाही मागून रेटावं लागतं!

इथपर्यंतच थांबलो असतो तरी पुरे होतं. पण या घळईची खरी धक्कादायक गोष्ट अजून पुढे आहे.

शेवटच्या हिमयुगात, पंधरा-वीस हजार वर्षांपूर्वी, उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या एका जिभेने मोंटाना राज्याच्या सीमेजवळ एक नदी अडवली. बर्फाचं धरण. उंची सहाशे मीटरच्या आसपास. मागे पाणी साठत गेलं आणि एक प्रचंड सरोवर तयार झालं. मिझुला सरोवर. पाणी किती? दोन हजार घनकिलोमीटरच्या वर. आपल्या भाषेत सांगायचं तर सत्तर हजार टीएमसी. कोयना धरण १०५ टीएमसीचं. करा भागाकार. साडेसहाशेहून जास्त कोयना!

आणि बर्फाचं धरण ते. बर्फ पाण्यावर तरंगतो. पाणी पुरेसं उंच झालं की धरणच खालून सुटायला लागतं. एके दिवशी ते फुटलं आणि ते सगळं पाणी अवघ्या काही दिवसांत निघून गेलं. ऐन भरात असताना या पुराचा प्रवाह आजच्या जगातल्या सगळ्या नद्यांच्या एकत्र प्रवाहाच्या दहापट असावा असा अंदाज आहे. समुद्राकडे जायला वाट एकच, कोलंबियाची घळई. तिच्यात ते पाणी कोंबलं गेलं तेव्हा आत्ताच्या द डॅल्स गावाजवळ पातळी तीनशे मीटरपर्यंत चढली होती. आज पोर्टलंड आहे तिथे सव्वाशे मीटर खोल पाणी होतं. मग बर्फ पुन्हा सरकून आला, पुन्हा धरण, पुन्हा सरोवर, पुन्हा पूर. असं कितीतरी डझन वेळा.

घळई पुराने खोदली असं मात्र नव्हे, ती आधीची होती. पुरांनी ती रुंद केली, कडे तासून उभे केले, माती खरवडून नेली. बाजूच्या ओढ्यांच्या उताराचं खालचं टोकच कापून टाकलं, म्हणून तर ते ओढे आज काठावरून अधांतरी उड्या मारतात. मल्टनोमा त्यातलाच. ज्याच्याकडे आम्ही पाठ केली होती तो धबधबा आणि ज्या गाडीची वाट बघत होतो ती, दोघांमागे पूर एकच.

हे सगळं एका माणसाने पायी फिरून ताडलं. जे हार्लन ब्रेट्झ, भूशास्त्रज्ञ. १९२३पासून तो सांगत होता की पूर्व वॉशिंग्टनमधला खरवडलेला मुलूख हळूहळू झिजलेला नाही, तो एका महापुराचा मार आहे. त्या काळी भूशास्त्रात महापूर हा शब्द काढणं म्हणजे बायबलमधली गोष्ट सांगण्यासारखं होतं. १९२७मध्ये राजधानीत सभा भरवून बड्या शास्त्रज्ञांनी त्याला धारेवर धरलं. त्यांचा प्रश्न रास्तच होता, एवढं पाणी आणलंस कुठून? ते उत्तर पुढे जोसेफ पार्डी याच्या कामातून पक्कं झालं. मिझुला सरोवराच्या जुन्या तळावर त्याला वाळूत लाटांच्या खुणा उमटतात तशा खुणा सापडल्या, पण दगडगोट्यांच्या आणि काही दहाएक मीटर उंचीच्या! सरोवर संथपणे आटलं नव्हतं, उसळून गेलं होतं. ब्रेट्झला भूशास्त्रातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं ते १९७९मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. त्याचे टीकाकार तोवर बहुतेक हयात नव्हते, आणि या गोष्टीची त्याने खंत केली होती म्हणतात. मला ही कथा फार आवडते.

आता फोटोचं. नदी पूर्व-पश्चिम वाहते, म्हणजे एक काठ उत्तरेचा, एक दक्षिणेचा. आपल्याकडे महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो. इथे तो कधीच येत नाही, बारा महिने दक्षिणेकडेच झुकलेला. त्यामुळे दक्षिण काठाचे रूळ डोंगराच्या सावलीत सापडतात आणि उत्तर काठाचे कडे दिवसभर उजळलेले असतात. भाच्याचा नियम पक्का: आपण दक्षिणेला उभं राहायचं, गाडी टिपायची पलीकडची. नारिंगी इंजिनं, काळा बेसाल्ट, खाली पाणी. नदी किलोमीटरभर रुंद असल्यामुळे व्हिडिओत आणखी एक मजा होते. रेल्वे फाटकाजवळ शिट्टीचा ठराविक क्रम असतो, लांब, लांब, आखूड, लांब. ती शिट्टी नदी ओलांडून आपल्यापर्यंत पोचायला तीन सेकंद घेते. चित्रात इंजिन फाटक ओलांडून गेलेलं असतं, तरी शेवटचा लांब सूर अजून ऐकू येत असतो.

गाडी अर्धी गेली की आम्ही कॅमेरे खाली करायचो. भाचा मात्र शेपटाची वाट बघायचा. शेवटच्या वाघिणीमागे आणखी एक इंजिन असतं, जोरात चालू, आणि आत कुणीही नाही! पुढच्या इंजिनातला ड्रायव्हर त्याला रेडिओवरून हाकतो. आईने सवयीने त्या रिकाम्या इंजिनालाही हात केला.

ते मागे का? रेटायला तर खरंच, त्याने पुढच्या कपलिंगांवरचा ताण वाटला जातो. पण ब्रेकसाठीही. गाडीचे ब्रेक हवेवर चालतात, आणि तेही आपल्याला वाटतं त्याच्या उलट. अख्ख्या गाडीतून जाणारा ब्रेक पाइप दाबाच्या हवेने भरलेला असतो तोवर ब्रेक सुटलेले असतात. हवा सोडली की ब्रेक लागतात. ही करामत जॉर्ज वेस्टिंगहाउसची, १८७२ची. समजा गाडी मधेच तुटली. पाइपही तुटणार, हवा जाणार, आणि दोन्ही तुकडे कुणी काही न करता आपोआप थांबणार! बिघाड झाला की गाडी आपणहून सुरक्षित होते, यापरतं सुंदर डिझाइन मला तरी ठाऊक नाही. अडचण एवढीच की दोन किलोमीटर लांबीच्या पाइपमधून दाब उतरल्याची वर्दी शेवटपर्यंत पोचायला काही सेकंद जातात. मागच्या इंजिनातूनही त्याच वेळी हवा सोडली की गाडी दोन्ही टोकांकडून आवळली जाते.

सपाटीची किंमतही कुणीतरी मोजलेली आहे, तीही सांगायला हवी. नदीचं पाणी आज इतकं स्थिर दिसतं ते धरणांमुळे. बॉनव्हिल १९३८, मग द डॅल्स. त्या दुसऱ्या धरणाने १० मार्च १९५७ रोजी सेलिलो धबधबा काही तासांत बुडवला. हजारो वर्षं इथले मूळ रहिवासी लाकडी माचांवर उभे राहून त्या उसळत्या पाण्यात जाळ्याने सामन मासे धरत आले होते. १९१२चा रेल्वेपूल तिथे अजून आहे. तो धबधब्याच्या खडकांवर पाय रोवून बांधला होता. आता खडक दिसत नाहीत, संथ पाणी दिसतं, आणि धान्य भरलेले बार्जही. अमेरिकन अभियंत्यांना या कामाचा अभिमान वाटतो. मला त्या पुलाकडे बघताना वाटला नाही.

राहता राहिला वाघिणींतला माल. मका, सोयाबीन असतं, आणि गहूही. त्यातला काही पलूस नावाच्या टापूतला (आपल्या सांगलीच्या पलूसशी काही संबंध नाही). वॉशिंग्टनच्या पूर्व टोकाला मऊ, गोल टेकड्यांवर हा गहू बहुतेक पावसाच्या पाण्यावरच पिकतो. त्या टेकड्या खडकाच्या नाहीतच. ती वाऱ्याने आणून टाकलेली धूळ आहे, काही जागी सत्तर मीटर जाडीची. आणि धूळ आली कुठून? हिमयुगातले पूर घळईच्या अरुंद तोंडाशी तुंबायचे तेव्हा मागे पॅस्कोच्या सखल भागात गाळ बसायचा. पाणी ओसरलं की तो वाळायचा, आणि नैर्ऋत्येचा वारा तो उचलून पलूसकडे न्यायचा. एकामागून एक हिमयुगं गेली, थर वाढत राहिले. म्हणजे हीच घळई तुंबली म्हणून गाळ साचला, गाळाची धूळ वर गेली, धुळीत गहू आला, आणि तो गहू आता त्याच घळईतून ११०-११० वाघिणींनी खाली येतोय.

भाच्याने हे ऐकून घेतलं, वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "मग मामा, पूर्वेकडे जाणारा माल वारा नेतो, असंच ना?" मी हो म्हणेपर्यंत सिग्नल बदलला होता आणि तो कॅमेरा घेऊन कठड्याकडे पळाला होता.